मायक्रोएलईडीचा पिक्सेल लहान केला की उजेड का हरवतो: लक्षणे, तपासण्या आणि थांबण्याची जागा

एकाच वेफरवरचा, म्हणजे स्फटिकाच्या चकतीवरचा, १०० मायक्रॉनचा चाचणी-डायोड उत्तम उजळतो आणि शेजारचा ५ मायक्रॉनचा पिक्सेल, तेवढ्याच करंट डेन्सिटीला (दर क्षेत्रफळामागच्या करंटला), त्याच्या निम्माही उजेड देत नाही. मायक्रोएलईडीच्या, म्हणजे प्रत्येक पिक्सेल स्वतंत्र सूक्ष्म एलईडी असलेल्या, मायक्रोडिस्प्लेसाठी पिक्सेल लहान करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाला हे दुखणे गाठते. माझ्याकडे मोजणीला येणाऱ्या नमुन्यांत हीच तक्रार सर्वांत जास्त असते आणि सोबत निदानही लिहून आलेले असते: "साइडवॉल खराब आहे, पॅसिव्हेशन सुचवा." (साइडवॉल म्हणजे पिक्सेलची कोरलेली कडेची भिंत, पॅसिव्हेशन म्हणजे तिच्यावरचे दोष निवळवणारा संरक्षक थर.) बऱ्याचदा ते खरे निघते. जेव्हा निघत नाही तेव्हा मात्र महिनोन् महिने रसायनांवर खर्ची पडतात आणि दोष मास्कच्या (पिक्सेलची आकृती छापायच्या साच्याच्या) मापात, प्रोबच्या सुईत किंवा ड्राइव्हच्या करंटमध्ये बसलेला असतो. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासणीपासून सुरू होतो आणि महागड्या प्रक्रियेपाशी संपतो. तो मोडून थेट रसायनांकडे जाऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लक्षणे

नुसते "कार्यक्षमता कमी आहे" एवढ्यावरून काही कळत नाही. खालीलपैकी नेमके काय दिसते ते आधी लिहून काढा.

• करंट वाढवत नेला की लहान पिक्सेलचा ईक्यूई, म्हणजे बाह्य क्वांटम कार्यक्षमता, उशिरा शिखर गाठतो आणि ते शिखरही मोठ्या डायोडपेक्षा ठेंगणे असते. हे साइडवॉलचे ठळक लक्षण.

• पूर्ण उजेडात पडदा एकसारखा, पण मंद करड्या छटांत डागाळलेला. काही पिक्सेल पार विझलेले. इथे प्रत्येक पिक्सेलची गळती वेगवेगळी आहे.

• उजेड आणि करंट यांचे नाते ठीक, पण व्होल्टेज चढलेले. हा संपर्काचा, म्हणजे काँटॅक्टचा, दोष. साइडवॉलचा इथे फारसा संबंध नाही.

• मायक्रोस्कोपखाली पिक्सेलची एकच बाजू उजळते. मास्कची जुळणी हुकली आहे.

• वेफरवर पिक्सेल चांगला होता, बॅकप्लेनवर, म्हणजे पिक्सेल चालवणाऱ्या सर्किटच्या चिपवर, जोडल्यावर बिघडला.

• निळा-हिरवा बरा, लाल मात्र कोसळलेला. आणि तापल्यावर आणखी कोसळणारा.

ही लक्षणे वेगवेगळी का, हे कळायला हिशेब सोपा आहे. दिलेली वीज चार ठिकाणी वाया जाऊ शकते. इलेक्ट्रॉन आणि होल (हेच करंटचे वाहक) क्वांटम वेलपर्यंत, म्हणजे उजेड तयार होतो त्या अतिपातळ थरापर्यंत, पोहोचण्याआधीच कडेने गळून जातात. किंवा वेलमध्ये भेटतात पण उजेड न देता उष्णता देतात. किंवा फोटॉन तयार होतो पण चिपबाहेर पडत नाही. किंवा हे सगळे नीट होते पण वाटेतला रोध व्होल्टेज खातो. साइडवॉलचा दोष पहिल्या दोन ठिकाणी बसतो. उरलेल्या दोन ठिकाणांचे नुकसान भिंतीवरचे दोष निवळवून भरून येत नाही.

पहिली तपासणी: पिक्सेलचे खरे माप घ्या

यात खर्च जवळपास शून्य. मास्कवर ५ मायक्रॉन लिहिले म्हणून मेसा, म्हणजे कोरून उरलेला पिक्सेलचा उंचवटा, ५ मायक्रॉनचा होत नाही. लिथोग्राफीत आणि एचिंगमध्ये मिळून बाजू ४.४ मायक्रॉनवर आली तर क्षेत्रफळ २५ ऐवजी १९.४ चौरस मायक्रॉन उरते. म्हणजे तुम्ही १० अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर समजून जो करंट देता तो प्रत्यक्षात जवळजवळ १३ ला पडतो. १०० मायक्रॉनच्या डायोडमध्ये तेवढीच चूक १ टक्क्याच्या आसपास राहते, त्यामुळे तिथे कुणाच्या लक्षातही येत नाही. दोघांचे वक्र एकावर एक ठेवले की लहान पिक्सेलचे शिखर सरकलेले दिसते आणि दोष भिंतीच्या माथी जातो.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली वरचे माप, खालचे माप आणि वरच्या पारदर्शक काँटॅक्टचे माप अशी तिन्ही घ्या. नायट्राइडमध्ये, म्हणजे निळ्या-हिरव्या पिक्सेलच्या पदार्थात, पी-थराचा (होल पुरवणाऱ्या थराचा) आडवा रोध इतका मोठा असतो की करंट मुख्यतः काँटॅक्टच्या खालीच उतरतो. मेसा ५ मायक्रॉनचा आणि काँटॅक्ट ३ मायक्रॉनचा असेल तर भागायचे क्षेत्रफळ २५ च्या नव्हे, ९ चौरस मायक्रॉनच्या जवळचे असते. अहवालात कोणते क्षेत्रफळ घेतले ते लिहिलेच नसेल तर दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांची तुलना करू नका.

दुसरी तपासणी: मोजणारे यंत्र काय पाहते आणि काय पाहत नाही

इथे मला थोडे थांबायचे आहे, कारण माझ्या पाहण्यातल्या चुकीच्या निदानांचा मोठा भाग याच पायरीवर उलगडतो.

५ मायक्रॉनच्या निळ्या पिक्सेलला १ अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे फक्त २५० नॅनोअँपिअर. ४५० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा २.७६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ईक्यूई १० टक्के धरला तर पिक्सेलमधून एकूण ७० नॅनोवॅटच्या आसपास उजेड निघतो. तो ०.५ न्यूमेरिकल ॲपर्चरच्या (लेन्स किती रुंद कोनातला उजेड घेते याचे हे माप) लेन्सने गोळा केला, तर सपाट पृष्ठभागासारख्या सम पसरणाऱ्या उजेडाचा चौथा हिस्साच लेन्समध्ये शिरतो. हातात उरतात १७ नॅनोवॅट. आता डिटेक्टरचा अंधारातला करंट, खोलीतला चुकार उजेड आणि सोर्समीटरच्या पट्टीचा तळ, हे सगळे त्याच पातळीला येऊन बसतात. म्हणून पिक्सेल बंद ठेवून एक पूर्ण वाचन घ्या आणि ते प्रत्येक वाचनातून वजा करा. सुई वर उचलून, चिपला न टेकवता, आणखी एक वाचन घ्या. त्यात जो करंट दिसेल तो तुमच्या केबलचा आणि प्रोबचा. मायक्रोस्कोपचा दिवा बंद करायला विसरू नका, कारण एलईडी स्वतः उजेड शोषून करंट तयार करतो आणि तो करंट गळतीसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. पिक्सेल लहान होतो तसा उजेडाचा पसारा बदलतो. गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक २.४५ च्या आसपास, त्यामुळे हवेत सुटण्याचा शंकू उभ्या रेषेपासून जेमतेम २४ अंशांचा. सपाट, मोठ्या डायोडमधल्या एका पृष्ठभागातून थेट सुटणारा वाटा ४ ते ५ टक्के एवढाच. लहान पिक्सेलमध्ये भिंत जवळ असल्याने एरवी आत अडकणारा बराच उजेड भिंतीतून निसटतो. म्हणजे एकूण उजेड वाढलेला असतो, पण तो बाजूला जातो आणि समोरच्या लेन्सला दिसत नाही. फक्त लेन्सने मोजणाऱ्याला कार्यक्षमता घटलेली वाटते. सॅफायरच्या पायावर वाढवलेल्या पिक्सेलमध्ये तर पुष्कळ उजेड खाली उतरून वेफरच्या कडेने बाहेर पडतो. एकदा इंटिग्रेटिंग स्फिअरमध्ये (सर्व दिशांचा उजेड गोळा करणाऱ्या पोकळ गोळ्यात) आणि एकदा लेन्सने असे दोन्ही मोजा. दोन्हींचे गुणोत्तर लहान आणि मोठ्या पिक्सेलला सारखे नसेल तर बाजूला गेलेला उजेड हिशेबात धरल्याशिवाय पुढे जाऊ नका. डोळ्यावर लावायच्या डिस्प्लेसाठी अर्थात समोरचाच उजेड कामाचा असतो, पण त्याचे औषध आरसा आणि मायक्रोलेन्स हे आहे, भिंतीची डागडुजी हे नाही.

या दोन्ही अडचणींतून सुटण्याची माझी आवडती पद्धत अशी: ५ मायक्रॉनचे ४०० पिक्सेल समांतर जोडलेला एक गट मास्कवर ठेवायचा. त्याचे एकूण क्षेत्रफळ १०० मायक्रॉनच्या एका डायोडइतकेच भरते. करंट तोच, डिटेक्टरची पट्टी तीच, बदलते ती फक्त भिंतीची एकूण लांबी, आणि ती २० पट होते. एवढेच ध्यानात ठेवा की त्यातला एक पिक्सेल शॉर्ट असेल तर कमी करंटला तो सगळ्यांच्या वाट्याचे खाऊन टाकतो. म्हणून गट मोजण्याआधी कमी करंटवर मायक्रोस्कोपखाली पाहून ४०० च्या ४०० पेटलेत ना, याची खात्री करा.

तिसरी तपासणी: पिक्सेल चुकीच्या करंटवर चालत नाही ना?

वेफरला हात न लावता मिळणारी ही सर्वांत मोठी सुधारणा. वेलमधल्या वाहकांची घनता वाढते तसे उजेड न देणारे साधे पुनर्मीलन घनतेच्या पहिल्या घाताने वाढते, उजेड देणारे दुसऱ्या घाताने आणि ऑजे प्रकारचे, पुन्हा उजेड न देणारे, तिसऱ्या घाताने. कमी करंटला पहिले जिंकते, मध्ये दुसरे, शेवटी तिसरे. भिंत पहिल्याच्या बाजूला वजन टाकते. या साध्या प्रतिमानात शिखराची जागा पहिल्या आणि तिसऱ्या गुणकांच्या भागाकाराच्या वर्गमुळावर ठरते. म्हणजे पहिला गुणक चौपट झाला की शिखर दुप्पट घनतेवर सरकते.

याचा व्यवहारातला अर्थ असा, की मोठ्या डायोडसाठी योग्य असलेला करंट लहान पिक्सेलला फार कमी पडतो. शिखर २० अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटरला असेल आणि तुम्ही छटा कमी करायला करंटच १ वर आणत असाल तर प्रत्येक मंद छटा वक्राच्या तळाशी मोजली जाते. करंट शिखराजवळ बांधून ठेवा आणि छटा पेटण्याच्या वेळेने, म्हणजे पल्स-विड्थ पद्धतीने, द्या. सरासरी करंट तेवढाच राहतो, उजेड वाढतो, आणि मंद छटांतले डागही बरेच पुसले जातात.

मर्यादा बॅकप्लेनची आहे. ६० हर्ट्झला फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, त्याचे २५५ भाग केले तर सर्वांत लहान पल्स ६५ मायक्रोसेकंदांची. त्यातही ५ टक्केच वेळ पेटवायचे ठरवले तर ३.३ मायक्रोसेकंद. तुमचे सर्किट एवढ्या वेळात पिक्सेल स्वच्छ चालू-बंद करते का ते ऑसिलोस्कोपवर पाहा. शिवाय करंट वाढला की व्होल्टेजही वाढते, म्हणून विजेच्या हिशेबातले शिखर ईक्यूईच्या शिखरापेक्षा थोड्या कमी करंटला येते. बॅटरीवरच्या उपकरणासाठी ते दुसरे शिखर निवडा.

चौथी तपासणी: लॉग पट्टीवरचा करंट-व्होल्टेज वक्र

सरळ पट्टीवर सगळे डायोड सारखेच छान दिसतात. लॉग पट्टीवर, पूर्ण काळोखात, उलट ५ व्होल्टपासून सुलट ३ व्होल्टपर्यंत मोजा. निळ्या पिक्सेलमध्ये २ व्होल्टच्या खाली मोजण्याजोगा करंट आढळला तर तो गळतीचा, कारण तेवढ्या व्होल्टेजला उजेडासाठीचे वाहक वेलमध्ये पोहोचतच नाहीत. वक्राच्या खालच्या भागाला फुगवटा असेल आणि आयडियलिटी फॅक्टर (वक्र आदर्श डायोडपासून किती ढळला याचे माप) २ च्या बराच वर जात असेल तर दोषांमधून टनेल होणारा करंट आहे असे समजा.

गळती किती महत्त्वाची, हे तुमच्या चालवण्याच्या करंटशी ताडून ठरवा. २५० नॅनोअँपिअरवर चालणाऱ्या पिक्सेलची १ नॅनोअँपिअर गळती म्हणजे ०.४ टक्के, तिच्यामागे धावण्यात अर्थ नाही. तीच गळती २ नॅनोअँपिअरच्या सर्वांत मंद छटेला निम्मा करंट गिळते. "गळती आहे पण ईक्यूईचे शिखर ठीक" आणि "गळती नाही तरी शिखर खाली" हे दोन वेगळे आजार आहेत. दुसऱ्यात भिंतीवरचे दोष वाहकांना वेलमधल्या वेलमध्येच गिळतात. करंट-व्होल्टेज वक्र पाहून ते ओळखू येईलच असे नाही.

पाचवी तपासणी: आकारांची मालिका

आरोप सिद्ध होतो तो इथे. १००, ५०, २०, १०, ५ आणि ३ मायक्रॉनचे पिक्सेल एकाच वेफरच्या एकाच भागातून घ्या. चौरसासाठी परिमिती भागिले क्षेत्रफळ म्हणजे ४ भागिले बाजू: १०० ला ०.०४, ५ ला ०.८, ३ ला १.३३ प्रति मायक्रॉन. आडव्या अक्षावर हे गुणोत्तर आणि उभ्या अक्षावर गळतीची करंट डेन्सिटी मांडा. वेगळ्या आलेखावर ईक्यूईच्या शिखराची जागा मांडा.

बिंदू एका चढत्या सरळ रेषेत आले तर भिंत दोषी, आणि रेषेचा चढ म्हणजे तिच्या दोषाचे माप. रेषा आडवी पण उंच असेल तर वेफरचे पोटच खराब आहे. भिंतीवर काहीही लावले तरी ती खाली येणार नाही. आणि रेषा नीट चालत येऊन शेवटच्या एक-दोन लहान पिक्सेलांना एकदम उडी मारत असेल तर लिथोग्राफीकडे वळा. तिथे काँटॅक्ट मेसाच्या कडेवरून सांडलेला असतो किंवा इन्सुलेटरची खिडकी सरकलेली असते. ही तिसरी आकृती दिसूनही "साइडवॉल" असा शिक्का मारलेले अहवाल मी वारंवार पाहते, आणि त्याचे वाईट वाटते, कारण त्यावरची दुरुस्ती एका नव्या मास्कची असते.

लाल पिक्सेलसाठी हा चढ मुळातच तीव्र असतो. ॲल्युमिनियम-गॅलियम-इंडियम फॉस्फाइडमध्ये पृष्ठभागावर वाहक गिळले जाण्याचा वेग नायट्राइडपेक्षा दहापट ते शंभरपट असू शकतो, आणि वाहक आडवे लांबवर भटकत असल्याने मधले वाहकही कडेला पोहोचतात. त्यात वेलच्या भोवतीची ऊर्जेची भिंत लाल रंगाला उथळ असते, म्हणून तापमान वाढले की वाहक ओसंडून बाहेर जातात. लाल पिक्सेल मोजताना चिपचे तापमान स्थिर ठेवलेच पाहिजे. इंडियम गॅलियम नायट्राइडचा लाल कडेच्या बाबतीत सहनशील असतो, पण जास्त इंडियममुळे स्फटिकाची प्रतच घसरते, वर्णपट रुंद होतो आणि करंट वाढवला की रंग नारिंगीकडे झुकतो. कोणता लाल वापरायचा हे पिक्सेलच्या मापावर ठरते. सरसकट उत्तर नाही.

सहावी तपासणी: काँटॅक्ट आणि हायड्रोजन

व्होल्टेज चढलेले असेल तर ट्रान्समिशन लाइन पद्धतीने, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरच्या काँटॅक्टांमधला रोध ताडून, काँटॅक्टचा रोध मोजा. तो ठीक निघाला तर पी-थर पाहा. १९८९ मध्ये अकासाकी आणि अमानो यांनी मॅग्नेशियम मिसळलेल्या गॅलियम नायट्राइडवर इलेक्ट्रॉन शलाका फिरवून तो पी-प्रकारचा करून दाखवला. १९९२ मध्ये नाकामुरांच्या गटाने तेच काम नायट्रोजनमध्ये सुमारे ७०० अंशांवर तापवून केले, आणि अमोनियात तापवले की थर पुन्हा रोधक होतो हेही दाखवले. दोषी होता हायड्रोजन, जो मॅग्नेशियमला चिकटून त्याला निकामी करतो. तोच हायड्रोजन आज सायलेन आणि अमोनियाच्या प्लाझ्मातून इन्सुलेटर बसवताना लहान पिक्सेलच्या पी-थरात शिरतो. पिक्सेल जितका लहान तितका त्याचा कडेचा भाग जास्त, म्हणून त्याला त्रासही जास्त. एकदा धातू बसल्यावर ७०० अंशांचा उपाय हातात राहत नाही. इन्सुलेटरच्या आधी आणि नंतर त्याच पिक्सेलचे व्होल्टेज मोजा. फरक पडत असेल तर पहिला थर प्लाझ्माशिवाय, थर्मल एएलडीने, म्हणजे अणूंचे एकेक थर चढवण्याच्या पद्धतीने, बसवा.

याच टप्प्यावर एक स्वस्त उपाय करून पाहता येतो. नायट्राइडच्या पिक्सेलमध्ये पारदर्शक काँटॅक्ट मेसाच्या कडेपासून थोडा आत घ्या. पी-थर आडवा करंट फारसा वाहत नसल्याने वाहक कडेपर्यंत पोहोचतच नाहीत. काँटॅक्टखालची करंट डेन्सिटी वाढते, हे मान्य, पण लहान पिक्सेलला बहुधा तेच हवे असते. फॉस्फाइडच्या लालमध्ये याचा फायदा कमी.

सातवी तपासणी: भिंत धुणे आणि झाकणे

आता रसायने. क्लोरीन आणि बोरॉन ट्रायक्लोराइडच्या प्लाझ्मात मेसा कोरताना आयन भिंतीला झोडपतात, नायट्रोजनचे अणू उडतात आणि त्यांच्या रिकाम्या जागा इलेक्ट्रॉन देणाऱ्या बनतात. पी-थराच्या भिंतीवर अशी एन-प्रकारची साल तयार झाली की गळतीला आयता रस्ता मिळतो.

गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइड किंवा टीएमएएच (टेट्रामिथाइल अमोनियम हायड्रॉक्साइड) ही साल खरवडून काढते. गॅलियमच्या बाजूचा वरचा सपाट पृष्ठभाग त्यात जवळजवळ तसाच राहतो, तिरकी भिंत मात्र विरघळत जाऊन उभ्या एम-प्रतलावर, म्हणजे स्फटिकाच्या एका ठरावीक सपाट पातळीवर, थांबते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली हे स्पष्ट दिसते: कोरल्यानंतर भिंतीवर उभे ओरखडे असतात, धुतल्यावर एम-प्रतलाची बाजू काचेसारखी गुळगुळीत होते आणि तिच्याशी काटकोनात असलेल्या बाजूवर बारीक करवती दाते उमटतात. चौकोनी मेसाच्या दोन बाजू एम-प्रतलाला समांतर असल्या तर उरलेल्या दोन कधीच नसतात. षट्कोनी मेसाच्या सहाही बाजू एम-प्रतलावर बसवता येतात, शिवाय तेवढ्याच क्षेत्रफळाला परिमितीही चौरसापेक्षा सुमारे ७ टक्के कमी लागते. नवा मास्क काढणारच असाल तर याचा विचार करा.

दोन धोके. ॲल्युमिनियमचा धातू या द्रावणात टिकत नाही, म्हणून धुणे धातूच्या आधी. आणि सॅफायर सोडवून उघडी पडलेली नायट्रोजनची बाजू यात झपाट्याने खाल्ली जाते. तिथे पृष्ठभाग मुद्दाम खडबडीत करायचा नसेल तर चिप या द्रावणात घालू नका.

धुतल्यावर शक्य तितक्या लवकर एएलडीने ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पातळ थर, मग हवा तर त्यावर जाड सिलिकॉन डायऑक्साइड. थर पोकळी न सोडता भिंतीवर सर्वत्र सारखा बसतो, हे एएलडीचे मोठे बलस्थान. लालसाठी अमोनियम सल्फाइडची प्रक्रिया चालते, पण ती हवेत फार काळ टिकत नाही. लगेच झाकावी लागते.

वेफरचे चार तुकडे करा: एक कोरा, एक फक्त धुतलेला, एक फक्त झाकलेला, एक दोन्ही केलेला. चारींवर पाचव्या तपासणीतली मालिका पुन्हा मोजा. चढ कोणत्या तुकड्यात उतरला ते पाहिल्याशिवाय "पॅसिव्हेशनने सुधारणा झाली" असे लिहू नका, कारण पॅसिव्हेशनचा थर उजेड बाहेर पडण्याचे प्रमाणही बदलतो. शिखर उंचावले पण जागचे हलले नाही, तर बहुतेक ऑप्टिक्स सुधारले आहे, भिंत नाही.

आरशाबद्दल थोडक्यात: भिंतीवर धातूचा आरसा लावायचा तर खाली इन्सुलेटर अखंड हवा. निळ्यासाठी सोने वापरू नका, ते निळा उजेड मोठ्या प्रमाणात शोषते. लालसाठी ते चांगले. निळ्याला ॲल्युमिनियम किंवा चांदी, पण चांदी सरकते, तिला बंदिस्त ठेवावे लागते.

आठवी तपासणी: जोडणीनंतरचा बिघाड

त्याच पिक्सेलचा जोडणीआधीचा आणि नंतरचा लॉग वक्र शेजारी ठेवा. फक्त उलट गळती वाढली असेल तर दाबाखाली पसरलेला इंडियम भिंतीला टेकला आहे का ते पाहा. वक्र तसाच असून उजेड कमी असेल तर बॅकप्लेन ठरवलेला करंट देतो का ते मोजा. ३ ते ५ मायक्रॉनच्या अंतरावर बसणारा ट्रान्झिस्टर लहान असतो आणि नॅनोअँपिअरच्या पातळीला शेजाऱ्यांत मोठी तफावत पडते. ती तफावत एलईडीची नाही.

कुठे थांबायचे

टीएमएएच त्वचेतून शरीरात शिरते आणि दाट द्रावण अंगावर सांडून माणसे दगावली आहेत. प्रशिक्षण, योग्य हातमोजे, फ्यूम हूड आणि सोबत दुसरी व्यक्ती यांपैकी एकाचीही उणीव असेल तर सातवी तपासणी तुमच्यासाठी नाही. नमुना क्लीनरूमच्या प्रक्रिया-अभियंत्याकडे द्या. क्लोरीनच्या एचरची रेसिपी स्वतः बदलू नका. शेवटच्या टप्प्यात आयनांची ऊर्जा उतरवल्याने भिंत खूप सुधारते हे खरे, पण ते काम त्या यंत्राची रोजची जबाबदारी असणाऱ्याचेच.

मालिकेची रेषा आडवी आणि उंच आली, किंवा १०० मायक्रॉनचा डायोडच कमकुवत निघाला, तर तिथेच थांबा आणि एपिटॅक्सी (वेफरवरचे स्फटिकाचे थर) वाढवणाऱ्यांना बोलवा. धुऊनही आणि झाकूनही चढ उतरत नसेल तर कॅथोडोल्युमिनेसन्सचा (इलेक्ट्रॉन शलाकेने उजळवून काढलेला) नकाशा आणि ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालचा छेद लागेल. कडेपासून किती आतपर्यंत काळोख आहे हे तिथेच कळते. तासन् तास चालवल्यावर गळती हळूहळू वाढत असेल तर विश्वासार्हतेच्या तज्ज्ञाकडे जा, आणि तोवर तो पिक्सेल आणखी चालवू नका, पुरावा जळून जातो.

तज्ज्ञाकडे जाताना सोबत एवढे न्या: मेसाची आणि काँटॅक्टची खरी मापे, आकारमालिकेचा आलेख, काळोखातले लॉग वक्र, स्फिअर आणि लेन्स दोन्हींची वाचने, चार तुकड्यांची तुलना, आणि त्याच वेफरचा एक तुकडा ज्याला एचिंगनंतर कशाचाही हात लागलेला नाही.